मिक्सर घेण्यापूर्वी



गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर नावाची इमारत आहे. तिच्या जागी पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी त्या पडद्यावर 'आलम आरा' लागला आणि आपल्या देशात चित्र पहिल्यांदा बोलू लागले. गर्दी इतकी लोटली, की ती आवरायला पोलीस बोलवावे लागले. तो चित्रपट आज कुठेही पाहायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. पण तो कसा घडला याची हकिकत उरली आहे, आणि आज मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात त्या हकिकतीपासूनच होते.

सांगायचे आहे ते मिक्सरविषयी. मिक्सर म्हटल्याबरोबर घरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे चटणीचे भांडे येईल. तो मिक्सर नव्हे. चार माइक, एखादे कीबोर्ड, एखादे तालयंत्र, यांचे आवाज वेगवेगळ्या तारांनी ज्या पेटीत येतात, तिथे कमीजास्त केले जातात आणि एक होऊन बाहेर पडतात, ती पेटी. पूर्वी ती फक्त स्टुडिओत आणि लाउडस्पीकरवाल्याकडे असे. आता शाळेच्या कपाटात आहे, भजनी मंडळाच्या पेटाऱ्यात आहे, आणि घरच्या घरी गाणी मुद्रित करणाऱ्या तरुणांच्या टेबलावरही आहे. 'सर, कोणता मिक्सर घेऊ?' हा प्रश्न मला, म्हणजे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला, एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला. तो खोताच्या वाडीला लागून असलेल्या एका चाळीत राहतो. कीबोर्ड, तालयंत्र आणि लॅपटॉप यांवर संगीत रचतो, लहानसहान मैफली करतो आणि घरी ते मुद्रितही करतो. मी त्याला म्हटले, 'बाबा रे, मला यंत्रातले जेमतेम कळते. पण तुझ्या घराच्या आसपासच नव्वद वर्षे लोक हाच प्रश्न सोडवत आले आहेत. त्यांनी काय केले ते सांगतो.' तेच तुम्हालाही सांगतो.

चटणीच्या मिक्सरची आठवण मात्र मनात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

तर 'आलम आरा'. अर्देशीर इराणींचा इंपीरियल स्टुडिओ ग्रँट रोडच्या बाजूला, रेल्वेच्या रुळांशेजारी होता. गाडी गेली की आवाज बिघडे, म्हणून पुष्कळसे चित्रीकरण रात्री एक ते चार या वेळात, गाड्या थांबल्यावर होई. विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते, त्यांच्याकडून इराणींनी ध्वनिमुद्रण शिकून घेतले. ज्या फिल्मवर चित्र, तिच्यावरच आवाज, त्याच क्षणी. माइक कुठेतरी लपवलेला, पेटी-तबलावाले कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी बसलेले, आणि नट गात गातच अभिनय करणार. वजीर महंमद खान यांनी त्यात फकिराच्या भूमिकेत गायलेले गाणे हे आपल्याकडच्या बोलपटातले पहिले गाणे समजतात. त्याला साथ होती ती पेटीची आणि तबल्याची.

आता विचार करा. आवाज गोळा होण्याची जागा एकच. मग तबला वरचढ होतो आहे, गायक दबतो आहे, हे दुरुस्त कसे करायचे? तबलजीला मागे सरकवायचे, गायकाला पुढे घ्यायचे. एवढाच उपाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाचा दाब निम्म्यावर येतो; भौतिकशास्त्राचे शिक्षक हे मुलांना शिकवतात. तेव्हाचा मिक्सर म्हणजे स्टुडिओची फरशी! ज्याला मोठे ऐकू यायचे तो जवळ, ज्याला हळू तो लांब.

ही पद्धत जुनी झाली असे समजू नका. गावच्या देवळात एकाच माइकपुढे भजन चालते तेव्हा आपण हेच करतो. बुवा माइकपाशी, टाळकरी मागे, पखवाज कडेला. वर्षानुवर्षांच्या सवयीने ज्याची त्याची जागा ठरलेली असते, आणि गंमत अशी, की कान असलेल्या मंडळींनी हे नीट केले तर एका माइकवरचे भजन चार माइकांवरच्या भजनापेक्षा सरस वाटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र ते साधत नाही. धीट मुलगा माइकला चिकटतो आणि ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या लाजऱ्या मुलीचा सूर कितीही शुद्ध असो, तो तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. कोणाचा आवाज किती ऐकू यावा, हे ठरवण्याचे काम कोणीतरी करतच असते. एका माइकच्या काळात ते अंतर ठरवी. मिक्सर आल्यावर ते एका माणसाच्या बोटांकडे आले. म्हणून मिक्सर घेणे हे टेबल-खुर्ची घेण्यासारखे नाही.

आता थोडे खोताच्या वाडीविषयी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वस्ती उठली. त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना इथे जागा विकल्या. लाकडी जिने, पुढे ओसरी, उतरती कौले, आणि दोन माणसे जेमतेम बाजूने जातील अशा गल्ल्या. एके काळी इथे ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही राहिलेली नाहीत. या वाडीच्या आसपासचे गिरगाव म्हणजे आवाजांचे गाव. एका अंगाला चर्चमधले गायन, दुसऱ्या अंगाला केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव. थोडे पुढे धोबी तलावाकडे गेले, की गोव्याहून आलेल्या व्हायोलिन-ट्रंपेट वाजवणाऱ्या मंडळींची बिऱ्हाडे. कागदावर लिहिलेले संगीत वाचून वाजवणारे हेच गोवेकर वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले.

याच गिरगावात वीरजी शहा नावाच्या कच्छी किराणा व्यापाऱ्यांची मुले वाढली. थोरल्याचे नाव कल्याणजी. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडनावाने ते घरोघरी पोचले, पण त्याआधी, १९५४ साली, त्यांनी एक गोष्ट केली तिचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. 'नागिन' चित्रपटातली बीन आठवते ना? ती गारुड्याची पुंगी नव्हती. ते होते क्लॅव्हिओलिन, फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास काढलेले विजेवरचे छोटे वाद्य, आणि ते वाजवले होते कल्याणजींनी. संगीत हेमंतकुमारांचे, सोबत हार्मोनियमवर रवी. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची वंशावळ लिहायची झाली तर तिच्यात गिरगावातल्या या किराणा दुकानदाराच्या मुलाचे नाव पहिल्या पानावर येईल. देशभरच्या बायाबापड्यांनी ते संगीत ऐकले आणि विजेचे वाद्य ऐकतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. यापेक्षा मोठी पावती कुठली?

क्लॅव्हिओलिनने एक जुना हिशेब मात्र मोडला. बासरीवाल्याच्या दमाला मर्यादा आहे, ढोलकीवाल्याच्या हाताला आहे. त्यामुळे नैसर्गिक वाद्यांत एक आपोआपचे प्रमाण असते. विजेच्या वाद्याला दम लागत नाही. एका बोटाने ते सनईइतके हळवे वाजेल आणि त्याच बोटाने, बटण फिरवले तर, शंभर ढोलांना झाकील. प्रमाण वाद्यात राहिले नाही, बटणात गेले. म्हणून एकट्या गायकाला मिक्सरवाचून चालते, भजनी मंडळालाही चालते. पण इलेक्ट्रॉनिक वाद्ये दोनाची तीन झाली की मिक्सर लागतोच. बँजो पार्टीत कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि विजेचा बँजो एकमेकांशी कसे भांडतात हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

त्या काळी चित्रपटगीतांचे ध्वनिमुद्रण कसे होई? वादकांची संख्या पन्नास, साठ, पुढे पुढे शंभराच्या घरात. माइक मोजके. गायक आणि सारे वादक एकाच वेळी गात-वाजवत, आणि काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक त्या मोजक्या माइकांचे आवाज हाताने कमीजास्त करत ते एकाच पट्टीवर उतरवी. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक हे काम करीत. जाणकार त्यांचे नाव अजून आदराने घेतात. एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नंतर दुरुस्ती नाही. जे ठरवायचे ते त्याच क्षणी.

आता परळला चला. वाडिया मूव्हिटोनच्या जागेत व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये राजकमल कलामंदिर सुरू केले. तिथल्या ध्वनिमिश्रणाच्या खोलीत एक मराठी माणूस बसत असे, मंगेश देसाई. प्रेक्षकांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. दिग्दर्शकांना फार ठाऊक होते. 'शोले'च्या (१९७५) श्रेयनामावलीत ते आहे, श्याम बेनेगलांच्या चित्रपटांत आहे, आणि कलकत्त्याहून सत्यजित राय यांच्यासारखा कानाने तिखट माणूसही आपले काम घेऊन त्यांच्याकडे येई.

हे काम काय होते? संवादांची एक पट्टी, संगीताची दुसरी, पावलांचे, घोड्यांच्या टापांचे, पावसाचे आवाज आणखी निराळ्या पट्ट्यांवर. या सगळ्या एकाच वेळी यंत्रांवर फिरत, समोर पडद्यावर चित्र चालू असे, आणि मिश्रकाने दोन हातांनी ठरवायचे: इथे संगीत खाली, इथे कुजबुज वर, इथे सारे बंद. हजार फुटांची रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. जुन्या यंत्रांवर मध्येच थांबून मागे येण्याची सोय नसे. दहाव्या मिनिटाला बोट चुकले तर रीळ पहिल्यापासून. 'शोले'त एका प्रसंगी नुसता झोक्याच्या कड्यांचा कर्र आवाज उरतो, तो आठवा. बाकीचे आवाज कोणीतरी खाली घेतले, म्हणून तो ऐकू आला.

कात्रक आणि देसाई, दोघेही मिसळणारेच. पण दोघांच्या कामात एक मूलभूत फरक आहे, आणि माझ्या मते मिक्सर घेण्याचे सारे शहाणपण त्या एका फरकात आहे. कात्रकांना समोर वाद्ये वाजत असतानाच मिसळावे लागे. देसाईंकडे आवाज वेगवेगळे राखलेले येत आणि ते नंतर मिसळत. चटणीच्या मिक्सरमध्ये खोबरे, मिरची आणि मीठ एकदा फिरले की पुन्हा वेगळे होत नाही. मीठ जास्त पडले तर पडले. देसाईंपुढे मात्र वाट्या वेगळ्या मांडलेल्या असत. आज नको, उद्या वाटू, असे म्हणण्याची मुभा होती.

गाण्याच्या दुनियेत ही मुभा पुढे बहुपट्टी टेपमुळे आली. विलायतेत बीटल्स मंडळींनी १९६७ सालचा आपला गाजलेला 'सार्जंट पेपर' चार पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित केला. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्या देणारी, मिक्सरसकट, हातात धरून नेता येईल अशी पेटी काढली. तिच्यावर अमेरिकेच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरात बसून केलेली गाणी १९८२ मध्ये तबकडी होऊन बाजारात आली. घरगुती ध्वनिमुद्रणाचे युग म्हणतात ते इथून. आता तर संगणक मिसळलेल्या आवाजातूनही एखादा आवाज बराचसा सोडवून काढतो. २०२३ मध्ये जॉन लेननचा जुन्या कॅसेटवरचा आवाज असाच पियानोपासून वेगळा करून बीटल्सचे गाणे निघाले. पण ती चटणी धुऊन खोबरे काढण्याची विद्या आहे. तिच्या भरवशावर स्वयंपाक करू नये.

या प्रगतीची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. एकेक वाद्य वेगळ्या वेळी मुद्रित करता येऊ लागले, तेव्हा शंभर वादकांना एका सकाळी बोलावण्याचे कारण उरले नाही. सिंथेसायझर मुंबईत आला तेव्हा व्हायोलिनवाल्यांत कुरकुर झाली, आणि ती उगाच नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते मोठे वाद्यवृंद बहुतेक मोडले. धोबी तलावाच्या त्या बिऱ्हाडांतून सकाळी वाद्याची पेटी घेऊन बाहेर पडणारी माणसे दिसेनाशी झाली. एका माणसाच्या टेबलावर अख्खा वाद्यवृंद मावू लागला, हे खरे. तो वाजवताना एकमेकांकडे पाहून हसणारी माणसे त्या टेबलावर मावली नाहीत, हेही खरे.

असा एका टेबलावर मावलेला वाद्यवृंद मुंबईत १९८२ मध्ये ऐकू आला. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जमवली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. तिन्ही एका लयीला बांधली आणि त्यांवर भूप, भैरवी असे राग वाजवून एचएमव्हीसाठी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. तेव्हा ती कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी 'ॲसिड हाउस' नावाने जे संगीत गाजले, त्याच जातीचे काही इथे आधीच वाजून गेले होते. २०१५ मध्ये ते गेले. त्याआधी उतारवयात परदेशी रंगमंचांवर ती यंत्रे वाजवण्याचा योग त्यांना लाभला.

आता या तीन यंत्रांनाच मिक्सरला जोडायचे म्हटले तर किती तारा लागतील? टीबी-३०३ ची एक. ज्युपिटरच्या दोन. आणि टीआर-८०८? त्याचा सगळा ताल एका तारेतून घेता येतो. पण नगारा, टाळी, झांज अशा एकेका आवाजासाठी त्याच्या पाठीवर अकरा वेगळी भोके आहेत. म्हणजे तीन यंत्रांसाठी चार चॅनेलही पुरतील आणि चौदाही भरतील. किती हवेत हे दुकानदार सांगू शकत नाही. काय वेगळे ठेवायचे आहे हे तुमचे तुम्ही ठरवले, की आकडा आपोआप निघतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी कागद-पेन्सिल घेऊन बसवले. तालयंत्र दोन तारा, कीबोर्ड दोन, लॅपटॉप दोन, स्वतःच्या गाण्याचा एक माइक. झाल्या सात. कधीमधी मित्र तबला घेऊन येतो, त्याचे दोन माइक. नऊ. दुकानात त्याला 'दहा चॅनेलचा' दाखवला होता. इथे एक सापळा आहे. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा मिक्सर दहा चॅनेलचा म्हणतात, पण त्याला माइक लागतात फक्त चार. उरलेली भोके कीबोर्डसारख्या यंत्रांसाठी जोडीजोडीने आहेत. यात लबाडी नाही, मोजण्याची रीत तशी आहे. माइकमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, तिला आधी वाढवणारी वेगळी जोडणी लागते आणि ती महाग पडते, म्हणून कंपन्या ती मोजकी देतात. माझ्या विद्यार्थ्याला तीनच माइक लागत होते, त्याचे भागले. पण एखाद्या शाळेला नाटकासाठी सहा माइक लावायचे असतील आणि मुख्याध्यापकांनी नुसता 'दहा' हा आकडा वाचून पैसे मोजले, तर उद्घाटनाच्या दिवशी दोन पात्रे मुकी राहतील. म्हणून पेटीवर छापलेला आकडा बाजूला ठेवा आणि तीन पिनांची, माइकची भोके बोटाने मोजा.

दुसरा सापळा मुद्रणाचा. हल्ली बहुतेक मिक्सरांना संगणकाशी जोडायची यूएसबी तार असते आणि दुकानदार 'रेकॉर्डिंग होतं' असे सांगतो. होते, पण काय होते ते विचारा. स्वस्त मिक्सरमधून बहुधा सगळे मिसळून झालेल्या दोनच पट्ट्या, डावी आणि उजवी, संगणकात जातात. म्हणजे चटणी. टॅस्कॅमच्या मॉडेल १२ सारखे मिक्सर प्रत्येक चॅनेल वेगळा साठवतात. म्हणजे वाट्या. वाट्यांचा मिक्सर पुष्कळ महाग असतो. मग तो घ्यावा का? इथे स्वतःला एक साधा प्रश्न विचारा: मुद्रण करताना सगळे एकदम वाजवणार, की एकामागून एक?

एकटा माणूस घरी आधी ताल, मग कीबोर्ड, मग गाणे असे करत असेल, तर दोन पट्ट्यांचा मिक्सरही त्याला पुरतो. प्रत्येक वेळी एकच वाटी भरायची आहे. त्याने महागड्या पेटीवर पैसे घालू नयेत. खरे तर ज्याला फक्त घरी मुद्रण करायचे आहे आणि मैफल करायचीच नाही, त्याला मिक्सरच नको. माइक आणि संगणक यांमधला दोन भोकांचा इंटरफेस मिळतो, तो घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बरा माइक घ्यावा. पण भजनी मंडळ, शाहिरी पथक, शाळेचा समूह एकाच वेळी गाणार असेल आणि ते मुद्रण पुढे नीट करायचे असेल, तर वाट्यांचा मिक्सर लागतो. गावातल्या म्हाताऱ्या ओवी गाणाऱ्या बाईंचे गाणे शाळेने जपून ठेवायचे मनात घेतले, तर दोन माइक आणि दोन पट्ट्या पुरेत. मात्र त्या दिवशी मिक्सरमधला इको हात न लावता बंद ठेवा. तो नंतर घालता येतो, काढता मात्र येत नाही. आपल्याकडच्या लाउडस्पीकरवाल्यांना इकोचा इतका का लळा आहे हे मला आजवर उमगलेले नाही. निवेदक 'नमस्कार' म्हणतो आणि तो नमस्कार तीनदा परत येतो.

मैफलीचे गणित उलटे असते. तिथे 'नंतर' नसतेच. तुम्ही कात्रकांच्या खुर्चीत बसलेले असता. आयत्या वेळी एखादा आवाज झटकन खाली घेता आला पाहिजे. म्हणून वाटोळ्या बटणांपेक्षा वर-खाली सरकणारे फेडर बरे, आणि प्रत्येक चॅनेलला आवाज बंद करण्याचे वेगळे बटण असेल तर फार बरे. लोकांना न ऐकवता आपल्या हेडफोनमध्ये पुढचा आवाज तपासता यावा. वाजवणाऱ्यांना स्वतःचे ऐकू येण्यासाठी मॉनिटरकडे वेगळे मिश्रण पाठवण्याची सोय हवी. तिला 'ऑक्स' म्हणतात. ती एक तरी असल्याशिवाय मिक्सर घेऊ नका. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो, आणि ओरडणारा बेसूर होतो.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चांगल्या कंडेन्सर माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. ते बटण आहे ना ते पाहा. साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नाही. आत येणारा आवाज 'गेन'ने असा ठेवा, की सगळ्यात मोठ्या सुरालाही लाल दिवा लागू नये. एकदा फाटलेला आवाज फेडर खाली घेऊन शिवला जात नाही. गुणगुण येते म्हणून प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती पिन जीव वाचवते, तिला हात लावू नका. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून वीज घेतील असे करा, पुष्कळदा गुणगुण तेवढ्यानेच जाते.

आणि शाळेत किंवा देवळात अहुजाचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या दर्शनी भागाकडे एकदा नीट पाहा. माइक एक, माइक दोन अशी वेगळी बटणे दिसतील. तोही मिक्सरच आहे, लहानसा. प्रार्थना, भाषणे आणि सूचना एवढेच काम असेल, तर नव्या खरेदीचा प्रस्ताव बाजूला ठेवून त्या पैशांची ग्रंथालयासाठी पुस्तके घ्यावीत असे मी सुचवीन.

खोताच्या वाडीसारख्या लाकडी घरांत, किंवा गावातल्या एकमेकांना लागून असलेल्या भिंतींत, आणखी एका माणसाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. सणांच्या ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. ४५ म्हणजे फार थोडे, दोन माणसे सावकाश बोलतात त्याहूनही कमी. म्हणून घरी काम करणाऱ्याने मिक्सर घेतानाच बजेटातला काही भाग चांगल्या हेडफोनसाठी राखून ठेवावा. खर्जाचा आवाज लाकडातून आणि जमिनीतून जातो. दार लावून तो थांबत नाही.

शेवटी दुकानाची पायरी चढताना आपला माइक, आपले वाद्य आणि आपले हेडफोन बरोबर न्या. काहीही न जोडता सगळे गेन अर्ध्यापर्यंत वर घ्या आणि हेडफोनमध्ये सर्र असा आवाज किती येतो ते ऐका. प्रत्येक फेडर सावकाश वर-खाली करा. खरखर आली तर दुसरा नग मागा. मग माइक जोडा, एका हाताच्या अंतरावरून हळू बोला आणि आपलेच बोलणे आपल्याला स्वच्छ ऐकू येते का ते पाहा. दुकानदार घाई करील. त्याला करू द्या. तारा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात हे तो पैसे दिल्यावर सांगतो, तर त्यांचा भाव आधीच विचारा, आणि बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्या.